खालची पट्टी

बंदूक नव्यासारखी दिसत होती आणि धाकट्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

थोरल्याच्या घरी जेवणाचं टेबल भिंतीपासून पुढे ओढून, त्यावर धुतलेली चादर अंथरून ती आडवी ठेवली होती. घरातले सगळे तिला बंदूकच म्हणत. रायफल म्हणायचे ते नेमबाजी क्लबातले लोक आणि थोरला, आणि थोरलाही क्लबाचा सेक्रेटरी झाल्यापासूनच. संध्याकाळी क्लबाच्या नव्या हॉलला त्यांच्या वडिलांचं, अण्णांचं नाव द्यायचं होतं. अण्णांना जाऊन आता बराच काळ लोटला होता, पण त्यांच्या नेमाच्या गोष्टी अजून ताज्या होत्या, कारण थोरला त्या शिळ्या होऊ देत नव्हता. क्लबाने आतली कळ काढून बंदूक निकामी केली होती. आता ती नुसती काचेच्या पेटीत बघायची वस्तू होती. पेटीखाली लावायची पितळी पाटीही टेबलावर तयार होती. ‘ज्यांचा नेम कधी चुकला नाही.’ हे वाक्य थोरल्याचं. त्यावर तो इतका खूष होता की सकाळपासून आल्यागेल्याला मोठ्याने वाचून दाखवत होता, जणू बाकीच्यांना शाळेत कुणी घातलंच नव्हतं.

“आरसा केलाय रे, आरसा!” नळीत स्वतःचा भांग बघत थोरला म्हणाला. “आई, बघ तरी. अण्णांच्या हातात होती तेव्हाही अशी नव्हती.”

“अशी नव्हतीच,” आई म्हणाली. ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती आणि टेबलाकडे तिने अजून धड पाहिलंही नव्हतं.

एरवी एवढ्या कौतुकावर धाकटा आठवडाभर तरंगला असता. या घरात थोरला अभ्यासात पुढे, ताई बोलण्यात पुढे, आणि धाकट्याला येऊन जाऊन एकच गोष्ट यायची, चमचे-वाट्या घासून लखलखीत करणं. त्यावरून त्याचं नावच ‘झिलई’ पडलं. ते नाव कामी लावलं काकांनी. काका म्हणजे अण्णांचे पाठचे भाऊ, एका डोळ्याने अधू, बिनलग्नाचे. धातूला पॉलिश आणि मुलामा करायचं त्यांचं वर्कशॉप होतं. त्यांनी झिलईला हाताशी धरलं, हातात पॉलिश पेपर दिला, चुकला की टपली दिली, आणि दुसराही डोळा विझत आला तेव्हा वर्कशॉपच्या किल्ल्या त्याच्या हातात ठेवून ताईच्या घरी राहायला गेले. काकांचा डोळा ग्राइंडरची ठिणगी उडून गेला, हे घरातलं शेंबडं पोरही जाणत होतं. वर्कशॉपात नवा माणूस लागला की धाकटा त्याला आधी चष्मा द्यायचा आणि मग काकांची गोष्ट सांगायचा.

बंदुकीचं काम मात्र त्याने दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. लाकूड सोडवलं. नळी, बोल्ट, चापाभोवतीची कडी, सगळं सुटं करून तेलात भिजत घातलं. जुन्या लोखंडाला घासायच्या मशीनचं चाक लावायचं नाही, चाकाने कडा मरतात आणि कोरीव अक्षरं वाहून जातात, हा काकांचा पहिला धडा. म्हणून सगळं हाताने, पॉलिश पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून, आधी जाड मग बारीक. त्यानंतर रंग. हा रंग डब्यातून येत नाही. लोखंडावर तेजाबाचं पाणी फिरवून त्याला मुद्दाम गंजू द्यायचं, मग बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात उकळायचं, की तांबडा गंज काळा होतो. तो मऊ तारेच्या ब्रशने झाडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. असं करत करत ती निळसर काळी झाक चढते. वाईट गंज उतरवायला लागतो त्याहून जास्त वेळ चांगला गंज चढवायला लागतो, असं धाकटा ज्याला त्याला सांगायचा आणि ऐकणारा कंटाळेपर्यंत थांबायचा नाही.

त्या कामातच ती खालची पट्टी हाताशी आली. चापाच्या पुढे, बंदुकीच्या पोटाला बसणारी, दोन बोटं रुंदीची लोखंडी पट्टी. बंदूक भिंतीवर टांगलेली असली की ही बाजू कुणाला दिसायचीच नाही. चिकटलेलं जुनं तेल निघालं तसा तिच्यावर एक ओरखडा दिसला, मग दुसरा, आणि मग कळलं की ही अक्षरं आहेत. पोलादी टोच्याने वेडीवाकडी खरडलेली. ‘चुकलो.’ अक्षर अण्णांचंच, उकार खाली ओढून त्याची शेपटी करायची खोडही त्यांचीच.

धाकट्याला आधी हसू आलं. अण्णांचाही नेम चुकला होता तर! ज्या माणसाच्या ढालींनी कपाट भरलं, त्याने आपला एक हुकलेला नेम स्वतःच्याच बंदुकीवर लिहून ठेवला होता. मग हसू ओसरलं आणि त्याने थोरल्याला फोन लावला.

“काढून टाक,” थोरला म्हणाला. “उद्या कुणी खालून फोटो काढेल आणि पाटीशेजारी छापेल. शोभा व्हायची.”

“पण अण्णांनी स्वतः लिहिलंय, दादा.”

“लिहिलं असेल रागाच्या भरात. तू झिलई ना? मग कर की झिलई. आणि हे तुझ्यामाझ्यात.”

‘तुझ्यामाझ्यात’ हा शब्द थोरल्याने धाकट्यासाठी कधी वापरला नव्हता. त्या एका शब्दावर गडी विरघळला. अक्षरं खोल होती, हाताने जाईनात, तेव्हा त्याने इकडेतिकडे पाहिलं, वर्कशॉपात कुणी नाही याची खात्री केली आणि पट्टी चाकाला लावली. डोळ्यांवर चष्मा लावायला मात्र तो विसरला नाही.

तेव्हापासून त्याला ती बंदूक बघवत नव्हती. चाक लावलं म्हणूनच वाईट वाटतंय, असं तो स्वतःला समजावत होता.

दारावरची बेल वाजली आणि ताईचा आवाज तिच्या आधी आत आला. “उंबरा आहे काका, पाय उचला. दादा, घरात एवढे दिवे कशाला? मंत्र्याचं लग्न आहे का?”

काका तिचा दंड धरून आले. इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा, आणि पॉलिशने कायमची काळवंडलेली बोटं. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच म्हणाले, “कुठेय ती? आण इकडे. एकदा काचेत गेली की हात लागायचा नाही.”

“बोटांचे ठसे उठतील हो, काका,” थोरला म्हणाला. “अध्यक्षांच्या हस्ते उघडायचीय.”

“उठू देत,” ताई म्हणाली. “पुसायला झिलई बसलाय ना. आठवतं का रे, काका घरी आले की आधी बंदूक उतरवून तेलपाणी करायचे. मला वाटायचं, हे आपल्याला भेटायला येतच नाहीत, तिलाच भेटायला येतात.”

सगळे हसले. आई हसली नाही.

धाकट्याने बंदूक उचलून काकांच्या मांडीवर ठेवली. काकांनी नळीवरून हात फिरवला. बोल्टच्या मुठीपाशी थांबले, कडा चाचपली आणि मान डोलावली. “कडा जिवंत ठेवल्यास. शाब्बास.” मग काकांचा उजवा अंगठा सवयीने बंदुकीच्या पोटाखाली गेला.

अंगठा पट्टीवर आला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. परत आला. पुन्हा गेला, या वेळी सावकाश, नखाने. मग काकांनी बंदूक जरा वर उचलली आणि अंगठ्याऐवजी तर्जनी लावून बघितली. अंधारात हातातून निसटलेली किल्ली माणूस जसा चाचपतो तसे ते चाचपत राहिले. काय हरवलंय ते काकांखेरीज खोलीत दोघा भावांनाच ठाऊक होतं आणि ते दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

“पट्टी बदललीस का रे?” काकांनी विचारलं.

“नाही, काका. तीच आहे.”

“मग?”

“गंज होता.” धाकट्याच्या तोंडून निघून गेलं. “फार आत गेला होता. खड्डे पडले होते. घासावं लागलं.”

काकांनी पुन्हा एकदा नख फिरवलं. “गंज खातो तेव्हा लोखंड खरखरीत लागतं, झिलई. हे तर लोण्यासारखं लागतंय. आणि मधे खोलगट झालंय. हे चाक आहे.” त्यांचा आवाज चढला नाही. “चाक का लावलंस?”

वर्कशॉपात चूक झाली की ते याच आवाजात विचारायचे. उत्तर मिळेपर्यंत दुसरं बोलायचे नाहीत. धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने पितळी पाटी उचलली होती आणि तिच्यावरचा नसलेला डाग तो रुमालाने पुसत होता.

“काय होतं त्या पट्टीवर?” ताईने विचारलं. “कुणी बोलेल का?”

“काही नाही गं. जुना ओरखडा असेल,” थोरला म्हणाला. “कारागीर मी आहे का? त्याला विचार.”

‘तुझ्यामाझ्यात’ ते एवढंच टिकलं. धाकट्याला वाटलं, आत्ता सांगावं, फोनवर तूच म्हणालास म्हणून. पण चाकासमोर उभा कोण होता? “मीच काढलं,” तो म्हणाला. भावाला पाठीशी घातल्याचं बरंसुद्धा वाटलं त्याला घटकाभर, आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. “अक्षरं होती. ‘चुकलो’ असं लिहिलं होतं. मला वाटलं, अण्णांचा कधीतरी नेम चुकला असेल, त्याचं लिहिलंय. लोक हसतील म्हणून काढलं.”

“नेम चुकलाच होता,” आई म्हणाली.

ती खुर्चीतून उठली नाही, की टेबलाकडे वळली नाही. खिडकीबाहेर बघतच बोलायला लागली. “खाणीपाशी गेले होते दोघं. बरोबर यांचे क्लबातले दोस्त. पैज लागली. भाऊजींनी बशी धरायची आणि यांनी ती उडवायची. बशी तशीच राहिली. गोळी मागच्या खडकावर आपटली आणि दगडाची कपची उडाली ती भाऊजींच्या डोळ्यात. थोरला तेव्हा माझ्या कडेवर होता. बातमी फुटली असती तर यांची बंदूक गेली असती, क्लब गेला असता, तुरुंगही झाला असता कदाचित. भाऊजी तेव्हा दुसऱ्याच्या कारखान्यात ग्राइंडरवर होते, म्हणून डॉक्टरांना ठिणगीची गोष्ट मी सांगितली. भाऊजींनी नुसती मान हलवली.”

थोरल्याच्या हातातला रुमाल थांबला. आणि धाकट्याला आठवली ती वर्कशॉपात लागलेली एकेक नवी माणसं, त्यांच्यापुढे चष्मा नाचवत त्याने रंगवून सांगितलेली ती ठिणगी, आणि मागे स्टुलावर बसून मुकाट्याने ऐकणारे काका. एकदाही त्यांनी टोकलं नव्हतं. तोंड कुठे लपवावं हे त्याला कळेना.

“अण्णाने मला काही कमी केलं नाही,” काका म्हणाले. “वर्कशॉपची जागा त्यानेच बघून दिली. रोज यायचा, गप्पा मारायचा. तेवढा विषय सोडून सगळं बोलायचा. मग एक दिवस बंदूक घेऊन आला. माझ्याच टेबलावर, माझ्याच टोच्याने हे खरडलं. मला एका डोळ्याने चांगलं वाचता येत होतं तेव्हा. पण त्याने माझा अंगठा धरला आणि त्या अक्षरांवरून फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही.”

“तोंडाने म्हणाले?” ताईने विचारलं.

“तोंडाने नाही. ते त्याला जन्मात जमलं नाही.” काका थोडंसं हसले. “मला त्याचा राग यायचा, गं. खूप यायचा. डोळा दुखला की यायचा, पेपरात त्याचा फोटो आला की यायचा. मग मी तुमच्याकडे यायचो. बंदूक उतरवायची, तेल लावायचं, अंगठा फिरवायचा. परत वाचलं की उतरायचा राग. तो गेल्यावरही यायचो. तुम्हाला वाटायचं, तेलपाणी करतोय.”

काकांचा अंगठा अजून त्या गुळगुळीत पट्टीवरच होता. आपली झिलई इतकी उत्तम जमल्याची एवढी शरम धाकट्याला कधी वाटली नव्हती. कुठे एखादी रेघ राहिली असती, उकाराची नुसती शेपटी राहिली असती, तरी तेवढ्यावर त्यांचं भागलं असतं.

“मी परत कोरतो, काका,” तो घाईघाईने म्हणाला. “अक्षर माझ्या डोळ्यांसमोर आहे. हुबेहूब कोरतो.”

“त्याच्या अक्षरात?”

“हो.”

“म्हणजे त्याची माफी तू लिहिणार,” काका म्हणाले, “आणि ती मी वाचायची.”

धाकट्याची मान खाली गेली. एक शब्द होता, तोच शब्द. तो आता म्हणायला हवा होता हे त्याला पक्कं कळत होतं. पण समोर थोरला उभा, आई बसलेली, ताई डोळे वटारून बघतेय. अखेर तो म्हणाला, “मला काय माहीत होतं, काका?”

“चाक लावायचं नाही, एवढं तर माहीत होतं.”

काकांनी बंदूक मांडीवरून उचलून पुढे धरली. कुणीतरी घ्यावी म्हणून धरली होती, कुणाकडे असं नाही. थोरल्याने ती घेतली आणि घेता घेता पितळी पाटी चादरीवर पालथी घातली.

“ही पाटी लागणार नाही,” ताई म्हणाली. “मी अध्यक्षांना फोन करते.”

“ताई, पाहुणे निघालेत, निमंत्रणं गेलीत,” थोरला काकुळतीला आला. “आई, तू सांग हिला.”

“मी एकदा सांगून बसलेय,” आई म्हणाली. “आता मला विचारू नकोस.”

“लाव रे पाटी,” काका म्हणाले आणि काठी शोधू लागले. “त्याचं नाव खाली आणायचं असतं तर तेव्हाच आणलं असतं. चला. उशीर झाला की पुढच्या खुर्च्या मिळत नाहीत.”

हॉल गच्च भरला होता. नव्या रंगाचा वास होता, पंखे कुरकुरत होते आणि माइक मधूनच किंचाळत होता. काकांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, शेजारी धाकटा, पलीकडे ताई आणि आई. अध्यक्षांनी पडदा ओढला. आतल्या दिव्याखाली बंदूक अशी झळकली की मागच्या रांगेतून कुणीतरी ‘वा’ म्हटलं. पाटी वाचण्याचा मान थोरल्याचा होता. सकाळपासून ते वाक्य गाजवणाऱ्या माणसाने ते कसंबसं उरकलं आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

अध्यक्ष मात्र रंगात आले होते. “आणि मंडळी, ही झिलई बघा! गंजलेली, काळवंडलेली रायफल होती ही. आज एक ओरखडा शोधून दाखवा! ही किमया त्यांच्या धाकट्या चिरंजिवांची. उभे राहा, उभे राहा, लोकांना दिसू द्या!”

धाकटा उठेना. मागून कुणीतरी खांद्याला धरून त्याला उभं केलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याने खाली पाहिलं तर काकाही टाळ्या वाजवत होते. सगळ्यांबरोबर, मनापासून. चेहरा मात्र पेटीच्या जरा उजवीकडे वळलेला, कारण पेटी नेमकी कुठे आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ते त्याला सोसवलं नाही. तो वाकला आणि काकांच्या कानाशी, अगदी खालच्या पट्टीत म्हणाला, “काका, चुकलो.”

काकांनी टाळ्या थांबवल्या. “काय म्हणालास?”

“चुकलो.”

“टाळ्यांत ऐकू येत नाही. मोठ्याने बोल.”

धाकटा सरळ झाला. डोळे भरून आले होते. समोर पेटी, पाटी आणि माइकपाशी थोरला, हे सगळं त्याला धूसर दिसत होतं. त्याने छाती भरून श्वास घेतला, आणि टाळ्या थांबल्या आहेत हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

“मी चुकलो, काका!”

शब्द हॉलभर घुमला. पंख्यांची कुरकुर तेवढी राहिली. अध्यक्ष माइकवर तोंड उघडून उभे राहिले, थोरल्याने ग्लास खाली ठेवला आणि रांगारांगांतून माना पहिल्या रांगेकडे वळल्या. आईने डोळे मिटून घेतले.

काकांनी हात पुढे करून चाचपलं, धाकट्याचं मनगट सापडलं तसं ते धरलं आणि त्याला खुर्चीकडे ओढलं.

“आता आलं ऐकू,” ते म्हणाले. “बस खाली.”